सबनीसकाकांची सोबत

सबनीसकाका कुणालाही एकटं बसू देत नाहीत. पुण्यात हा गुण ठरला असता. पण जपानात लोक मुद्दाम एकटे जेवायला जातात. त्यामुळे त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या ऑफिसातल्या हेमंतला, सतत कुणाची तरी माफी मागावी लागते. हेमंत राहतो त्या उरायासुत एक गृहस्थ हॉटेलात भिंतीकडे तोंड करून सुखाने रामेन नूडल्स खात होते. काका शेजारी जाऊन बसले आणि मराठीत म्हणाले, "सावकाश होऊ द्या." गृहस्थ निम्मं रामेन टाकून उठले.

काकू गेल्या वर्षी वारल्या. काका महिन्याभरासाठी मुलाकडे आले, पण पुण्याचा बंद फ्लॅट एकट्याने उघडायची कल्पनाच त्यांना नकोशी वाटायची. परतीचं तिकीट त्यांनी दोनदा पुढे ढकललं होतं. आता व्हिसा संपत आला, तर मुदत वाढव म्हणून हेमंतच्या मागे भुणभुण सुरू होती.

अशात चिबाच्या किनाऱ्यावर एलिफंट सील नावाचा एक समुद्री प्राणी वाट चुकून आल्याचं कळलं. रविवारी आम्ही चार मित्र निघालो. हेमंतला काम होतं, म्हणून त्याने काकांना आमच्या स्वाधीन केलं.

वाळूत दोरी बांधली होती आणि पलीकडे सोफ्याएवढा प्राणी पसरला होता. नाक लोंबतं, कातडी ठिकठिकाणी सोललेली. काका हबकलेच.

"अरे, याच्याबरोबर कुणीच नाही?"

पहाऱ्यावरच्या मोरी नावाच्या आजींना मी विचारलं. तो आजारी नाही, जुनी कातडी टाकायला किनाऱ्यावर आलाय, तोवर काही खात नाही, असं त्या म्हणाल्या. मी ते मराठीत सांगितलं.

"उपास आहे म्हणा की," काका म्हणाले, आणि त्याच्यासाठी काढलेली दशमी त्यांनी अदबीने डब्यात परत ठेवली.

मग ते दोरीच्या अलीकडे बसकण मारून बसले. सुरुवातीला त्याच्याशी बोलत होते. तो अंगावर वाळू उडवून घ्यायचा आणि घोरायचा. हळूहळू काकाही गप्प झाले. बाकीचे जेवून आले तरी हे तिथेच. दोन तास न बोललेले काका मी प्रथमच पाहत होतो.

उठताना त्यांनी मला आजींना एवढंच विचारायला लावलं, की याला परतीची वाट सापडेल का. आजी म्हणाल्या, आला तसा जाईल. जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा येईल.

परतीच्या गाडीत काकांनी डब्यातल्या दशम्या आम्हाला वाटल्या. उरायासु जवळ आल्यावर म्हणाले, "हेमंतला सांग, तिकीट आता बदलू नकोस. घर उघडायला हवं. पुढच्या वर्षी येईन मी पुन्हा."

मी म्हटलं, "काका, तुम्हीच सांगा की. त्याला बरं वाटेल."

"नको रे," ते म्हणाले. "मी सांगायला गेलो, तर आम्ही दोघंही रडत बसू."