सातारकरणीची बहीण गोमाबाई

मी आणि आमच्या मंडळीने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे घरमालकिणीशी भांडण. गोमाबाईने आमच्या दारात सुकट वाळत घातली होती. आम्ही दोघं माळकरी. हिला दोन पावलांवर धाप लागायची, म्हणून मी हिला धरून उभी केली आणि ही भांडली. ही दमली की मी भांडायचो. गोमाबाई एकटी दोघांना पुरून उरली. दोन दिवसांनी हिला पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथून ही परत आली नाही.

तळवलीत या बाईचा दरारा. शेती नव्या शहरासाठी सरकारने घेतल्यावर उरल्या जागेत तिने ओळीने खोल्या बांधल्या. मागे ना नवरा, ना पोर. नुसता आवाज. आजारालाही ती भाडेकरूच समजायची. कुणाला ताप आला की अंथरुणाशी कमरेवर हात ठेवून उभी राहणार आणि आजाराला दम देणार, "ए जल्ल्या, खोली खाली कर! सामान भायेर फेकीन!" एकदा तापातल्या एका भाडेकरूने घाबरून खरंच ट्रंक भरायला घेतली.

हिचं हृदय सुजलेलं. पायात पाणी, छातीत पाणी. भरती करा, घरी आणा, परत भरती. तुर्भ्याच्या मार्केटात मी जन्मभर बटाट्याच्या गोण्या वाहिल्या, पण हॉस्पिटलचा जिना बघितला की खालच्या पायरीवरच बसायचो. त्यात बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत. सोबतीला बाई आणा म्हणाले. आम्हाला मूलबाळ नाही. बाई कुठून आणू?

पहिल्याच खेपेला गोमाबाई काखेत चटई मारून हजर.

"मी हौसाची भईन," ती सिस्टरला बोलली.

आमची मंडळी, हौसा, बोलते साताऱ्याचं, गोमाबाई बोलते आगरी. सिस्टरने दोघींकडे बघितलं. "सख्खी?"

"मंग काय भाड्यान आनलीय?"

झालं. पुढच्या प्रत्येक खेपेला तीच सोबत. हिच्या छातीतल्या पाण्याला रोज सकाळी खोली खाली करायला सांगायची. बाकीच्या बायाही बोलवायला लागल्या, "मावशी, आमच्या पोटदुखीला पण दोन शब्द बोला." आणि मला हुकूम, "ए सातारकर, घरा जा. भाकर खा, झोप. उद्या परत यायचा हाय." मी जायचो, खायचो, झोपायचो, परत यायचो. तिच्या जिवावर टिकलो. हे लिहायला मला लाज नाही.

त्या दुपारी औषध घेऊन आलो, तर गोमाबाई वॉर्डाच्या दारात जमिनीवर बसलेली. चटई गुंडाळून मांडीवर घेतलेली.

"भावोजी," ती बोलली. एवढ्यावरून मला कळलं.

"लय भांडली मी तिच्याशी. जाव नको बोल्ली. नाय आयकला तिनं." मग पदर तोंडाशी धरला. "सगली बिऱ्हाडां मना घाबरतान. ही एकलीच उलटून बोलाची. आता माज्याशी कोन भांडल?"

संध्याकाळी सगळं उरकलं. गावची माणसं दुसऱ्या दिवशी एसटीने यायची होती.

सकाळी उठलो. आमच्याकडे सुतक, चूल बंद. बघतो तर गोमाबाईचीही चूल बंद. सख्ख्या बहिणीचं धरावं तसं तिने सुतक धरलेलं. भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारणीने आणून दिलेला चहा तसाच निवलेला.

मला समजूत घालता येत नाही. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि ओरडलो, "गोमाबाई, बहिणीचा नवरा दारात आलाय. बसायला पाट नाही, चहा नाही. हीच का तळवलीची रीत?"

ती गरकन वळली. "जल्ला मेला! सकाली सकाली माज्या दारान येऊन बोंबलतंय!"

उठली. पाट आपटला. बडबडत स्टोव्हला पंप मारायला लागली. "आज देतंय चाय. रोज नाय देनार, सांगून ठेवतंय!"

"मी उद्याही येणार," मी म्हणालो, आणि पाट ओढून बसलो.