दोन गाण्यांच्या फटीतली शहनाझ

फहदच्या थोरल्या लेकीची, अफशाची मंगनी झाली ते साल २०२३. दुबईत, ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये. त्या दिवशी तिच्या आजोबांचा, अजीजभाईंचा रुबाब काय विचारता! जणू नवरदेव तेच!

कारण त्यांच्या खिशात एक कॅसेट होती.

"माझी शहनाझ स्वतः दुआ देणार नातीला!" महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते.

"अब्बा, आधी घरी एकदा ऐकून बघू या ना," फहद म्हणाला.

"काही गरज नाही! तुझ्या अम्मीला मी ओळखत नाही?"

खरी गोष्ट वेगळी होती. तरुणपणी अजीजभाई एका इंग्रज इंजिनिअरचे ड्रायव्हर. अक्षरओळख ना त्यांना, ना बायकोला. मग पत्राऐवजी कॅसेट! इकडून ते बोलून पाठवत, तिकडून दाभोळहून ती; आणि दर वेळी शेवटी सगळ्या घरासाठी दुआ करी. ही शेवटची कॅसेट गाववाल्याबरोबर आली, तेव्हा शहनाझ उरली नव्हती. एकट्याने ऐकायची छाती झाली नाही. पुढे साठीत ते लिहायला-वाचायला शिकले, पण कॅसेट तशीच राहिली. चारचौघांत, आनंदाच्या दिवशी ऐकली तर झेपेल, असं त्यांनी मनाशी धरलेलं.

टेप माइकसमोर ठेवला. नवऱ्यामुलाचे आजोबा हम्मादचाचा भारी कडक. हसणं डॉक्टरांनी बंद केल्यासारखा चेहरा! त्यांनी दुआसाठी हात उचलले. सगळ्यांनी उचलले. अजीजभाईंनी बटन दाबलं.

ढँण्! ढँण्! ढँण्!

गिटार! मागोमाग ड्रम, आणि एक गोरा असा ओरडला, की त्याची बोटच बुडाली असावी! मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने सवयीने "आमीन!" म्हटलं.

"दादाजान, व्हॉट इज धिस?" अफशा किंचाळली.

अजीजभाईंना दरदरून घाम फुटला. साहेब! जाताना साहेबाने काही कॅसेट दिल्या होत्या. त्याच्या दोस्तांच्या बँडची अगदी पहिली गाणी, ब्लूज की काय ते, विलायतेत कुणाच्या गॅरेजमध्ये भरलेली. "माझ्याकडे दुसरी कॉपी आहे, यावर तुझं भर," म्हणाला होता. त्यातलीच एक त्यांनी न ऐकताच, शहनाझला बोलून भरायला म्हणून, गावाला धाडली होती!

त्यांनी बंद करायचं बटन दाबलं. बटन हातात आलं!

"अरे फहद, वायर काढ!"

फहद धावला. तेवढ्यात गाणं थांबलं आणि आवाज आला, "अहो, ऐकताय ना?"

फहदचा हात वायरवरच राहिला.

"तुमच्या सायबाची गाणी आहेत हो यावर! पुसू कशी? कोण बिचारा गळा फाडून रडतोय. बायको गेली असेल त्याची. मी आपली मधल्या फटीत बोलते."

ढँण्! दुसरं गाणं सुरू! आता वायर काढायला कुणी तयार नाही. गाणं संपलं.

"फहद बरा आहे. सात वर्षांचा घोडा झाला, तरी अंथरूण ओलं करतो. कुणाला सांगू नका."

हॉलमध्ये हशा फुटला! कंपनीत मॅनेजर असलेला फहद खांबाआड गेला. हम्मादचाचांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी! पुन्हा गिटार वाजली तसे ते गिटारवरच खेकसले, "यल्ला हबीबी, चल दोस्ता, खलास कर! भाभींना बोलू दे!"

"तुम्ही पाठवलेलं अत्तर अजून उघडलं नाही. तुम्ही आल्यावर लावीन."

हसू ओसरलं. पुढचं गाणं सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं. त्या गोऱ्याचं रडणं आता कुणाला परकं वाटेना. अजीजभाई टेपला कान लावून बसले होते.

"गाणी संपली वाटतं. अगं बाई, पट्टीपण संपत आली! दुआ राहिलीच की. असू दे. सुट्टीला याल तेव्हा समोर बसून करीन."

खट्!

हम्मादचाचांनी हात पुन्हा वर उचलले. सगळ्यांनी उचलले.

अजीजभाईंची सुट्टी जूनमध्ये होती. शहनाझ मे महिन्यात वारली, १९८६ साली.