राखीव चिमटीची बखर

श्रीअन्नपूर्णा चुलीपाशीं निरंतर जागी असो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, चैत्रमास, संवत्सराचें नांव क्रोधी आणि सेवकाचें मनही तैसेंच. स्वामींची आज्ञा जाहली कीं, मुदपाकखान्यांतील मसाल्याचा मजकूर साद्यंत लिहिणें. त्यावरून कपाळास हात लावून लिहितों तो येणेंप्रमाणें.

राज्य कोणतें तें पुसों नये. तेथें अंमल थोरल्या बाईसाहेब गोदाक्का यांचा, आणि राज्याचें वैभव म्हणजे काळा मसाला, आणि कुळाचार ऐसा कीं सासूनें सुनेस सर्व जिन्नस शिकवावे परंतु एकाची चिमूट राखावी, म्हणजे सासूच्या हाताची सर सुनेस येऊं नये. या आचारें एकवीस जिन्नसांचे गळत गळत पंधरा उरले, तरी कोणास शरम म्हणून वाटेना! गोदाक्कांनीं सूनबाई सरयूबाईंस तोच न्याय लाविला, आणि सरयूबाईंनीं तीस वर्षें भाजलें, कुटलें, चाळलें, आणि दरवर्षीं आमटीचा पहिला भुरका मारून बाईसाहेबांनीं फर्माविलें, "बरंय. पण काहीतरी कमी आहे गं. हाताला चव लागते." मग सरयूबाईंनीं आपल्या हातांकडे पाहात बसावें. पुढें त्यांचे चिरंजीव दर्यापार चाकरीस गेले आणि वलंदेजांची, म्हणजे डच लोकांची, कन्या मारेका वरून आणिली, आणि सरयूबाईंनीं तिजला मसाला शिकविला, तो तिनें जिन्नसांचीं नांवें इंग्रजी अक्षरांत लिहून आपल्या वहींत उतरून घेतला. मग एके दिवशीं गोदाक्कांनीं सरयूबाईंस पापड उलथण्यास गच्चीवर धाडिलें आणि मारेकेच्या देखत पुरचुंडी सोडून कढईंत ती राखीव चिमूट टाकिली, कां तर, "तिला काय कळतंय? मराठी कुठं येतंय!" काय ही अक्कल! भाषा न येणारास डोळे नसतात काय? मारेकेनें निमूट वहींत चित्र काढिलें आणि मायदेशीं गेली.

सहा वर्षें लोटलीं, आणि गोदाक्कांस दुखणें जडलें, अन्नावरची वासना उडाली, आणि डॉक्टर बोलिले, कसेंही करून चार घांस पोटांत जाऊं द्या. बाईसाहेबांस हवी काळी आमटी. सरयूबाईंनीं केली, ती वाटी सारून गोदाक्का बोलिल्या, "कमी आहे." मग सरयूबाई पायांशीं बसल्या. "आई, आता तरी सांगा. काय कमी आहे?" गोदाक्का रडूं लागल्या. "आठवत नाही गं." लपविणारीच विसरली! येथें सेवकाची लेखणी संतापानें मोडली.

इतक्यांत मारेका सुटीस आली आणि तिनें वही उघडिली. चित्रांत देठासकट इवली वाळकी कळी. मसालेवाल्यानें पाहतांच सांगितलें, नागकेशर. मग सरयूबाईंनीं ताजा मसाला केला, आणि गोदाक्कांनीं वाटी चाटूनपुसून दुसरी मागितली, आणि मग नातसुनेस जवळ ओढून बोलिल्या, "सरयूला सांगू नकोस हं." सरयूबाई तेथेंच उभ्या होत्या!

त्या मारेकेस व वही घेऊन चुलीपाशीं आल्या आणि रडल्या. "इतकी वर्षं मी माझ्या हाताला दोष दिला गं." मग डोळे पुसून त्यांनीं पान वरून खालीं वाचिलें. त्यांत खसखस नव्हती. ती त्यांनींच मारेकेपासून राखिली होती.

तात्पर्य, राज्य शहाणें जाहलें ऐसें सेवक म्हणत नाहीं. परंतु सरयूबाईंनीं वहीचें तेंच पान पुढें ओढिलें. मग बोलिल्या, "मारेका, पेन दे." लेखनसीमा.