गेनभाऊंची राहिलेली तीन नावे

आमच्याकडे दशक्रियेला माइक असतो. नदीकाठी विधी चालू असतात आणि मंडपात श्रद्धांजलीची भाषणे. भाषण करणाऱ्यांची यादी लांबली की पिंडाला शिवायला आलेला कावळासुद्धा कंटाळून निघून जातो. अशाच एका दशक्रियेला गेनभाऊ उठले, दिवंगत महादूबाबांविषयी दोन वाक्ये बोलले आणि तिसऱ्या वाक्याला भारताच्या राष्ट्रीय फुटसाल संघाच्या इतिहासात शिरले.

"महादूबाबा घरातला राखणारा व्हता," ते म्हणाले. "चार पोरं पुढं पळाली. कोन पुन्याला गेलं, कोन मुंबईला. ह्यो एकटा मागं जाळी राखीत बसला. आपल्या देसाच्या संघात बी तसंच हाय. चार पळणारे, एक राखणारा."

मग तो संघ परदेशात कसा गेला, तेथे सगळे सामने कसा हरला आणि हरताना राखणाऱ्याने किती चेंडू अडवले, हे सारे त्यांनी आवाज चढवून सांगितले. नातेवाईक एकमेकांकडे पाहत होते. मी गावच्या शाळेतला मास्तर; भाषण संपल्यावर महादूबाबांच्या पत्नीने डोळे पुसत मला जवळ बोलावले. मला वाटले, तक्रार असेल.

"गुरुजी, मंग त्यो संघ जिंकला का वो कधी?"

मी म्हणालो, अजून नाही.

"जिंकंल," त्या म्हणाल्या. "आमचं बी असंच व्हतं."

गेनभाऊ सत्तरीचे आहेत. डिंगोऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या आमच्या गावात त्यांचे घर माझ्या घरापासून चौथे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बैलगाड्यांच्या शर्यतीचा असा घाट क्वचितच असेल, जेथे त्यांनी निवेदन केले नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्या शर्यतीत एका वेळी एकच गाडा चढावर पळतो, त्याला चार बैल असतात आणि त्यांच्या पुढे एक घोडी धावते. या एका धावेला बारी म्हणतात; सर्वांत कमी वेळाची बारी पहिली. बारी सुटली की गेनभाऊ जी "भिर्रर्र" ठोकत, ती ऐकून लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणाऱ्या भाविकांना कोणाचा गाडा पळाला ते कळत असे, असे लोक सांगतात. मी ते तपासलेले नाही.

त्यांची एक खोड मात्र मी स्वतः पाहिली आहे. गाडा पहिला आला तर मालकाचे नाव सगळेच घेतात. गेनभाऊ बैल वाट सोडून भलतीकडे गेलेल्या गाड्याच्या मालकाचेही नाव घेत. त्याचे गाव, बैलांची नावे, बैलांना चारा कोण घालतो, तेही सांगत. कोणी हसले तर म्हणत, "नाव घेतलं पायजे. त्यो बी चढ चढलाय."

फुटसाल, म्हणजे छपराखालचा छोटा फुटबॉल, त्यांच्या आयुष्यात मोबाइलमधून आले. शर्यतीचे व्हिडिओ शोधता शोधता एके दिवशी त्यांना एका बंदिस्त सभागृहात फुटबॉल खेळणारी माणसे दिसली. जर्सीवर तिरंगा होता म्हणून ते थांबले, आणि माणसे मोजली. पाच निघाली. चार बैल आणि एक घोडी मिळूनही पाचच होतात, हे ध्यानात आल्यापासून हा खेळ आपल्या घाटावरूनच कोणी तरी उचलून नेला आहे, यावर ते ठाम आहेत. चेंडू लहान आणि जड असतो, फारसा उसळत नाही, हे त्यांना विशेष आवडले. "उगा वर जात न्हाई," ते म्हणत. "जिमिनीला धरून ऱ्हातो."

त्यांना एकच गोष्ट खटकत होती. तिकडे घोडी पुढे धावण्याऐवजी मागे का उभी असते? मग एका दुपारी ते धापा टाकत माझ्या दारात आले आणि म्हणाले, "गुरुजी, घोडी निघाली." त्यांची घोडी सुटली असे समजून मी खुंटीवरचा दोर घेऊन बाहेर धावलो. रस्त्यावर आल्यावर उलगडा झाला, की वेळ पडली तर फुटसालमधला गोलरक्षकही जाळी सोडून चाल करायला पुढे जाऊ शकतो, हा नियम त्यांना नुकताच समजला होता. दोर हातात धरून मी तो नियम पूर्ण ऐकला.

आपला राष्ट्रीय संघ अगदी अलीकडचा. त्याच्या पराक्रमांचा इतिहास लिहायला त्या वेळी एक पोस्टकार्ड पुरले असते. गेनभाऊंनी त्यासाठी दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक पराभवाला एक स्वतंत्र पान होते, आणि त्या पानावर सगळ्या खेळाडूंची नावे. बाकावर बसून राहिलेल्यांचीसुद्धा.

आता जे सांगायचे आहे, ते सांगायला मला आवडत नाही.

मी आमच्या यात्रा समितीचा सचिव आहे, आणि शर्यतीच्या दिवशी घाटावर घड्याळही मीच धरतो. गेल्या वर्षीच्या यात्रेत दोन बाऱ्यांच्या मध्ये देणगीदारांची नावे पुकारायची होती. गेनभाऊंनी वही उघडली आणि राष्ट्रीय संघाच्या ताज्या पराभवातील नावे घ्यायला सुरुवात केली. लोक हसू लागले. पहिल्या बक्षिसाचे देणगीदार खुर्चीतून उठले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी स्टेजच्या कडेला गेलो आणि माइकचे बटण बंद केले.

गेनभाऊ एका नावाच्या मध्यावर होते. वायर सैल झाली असेल असे समजून त्यांनी माइकवर दोनदा फुंकर मारली, बोटाने टकटक केले. मग त्यांना माझा हात दिसला. त्यांनी वही मिटली.

"तीन नावं ऱ्हायली, गुरुजी," एवढेच ते म्हणाले आणि खाली उतरले.

पुढच्या आठवड्यात समितीने नवा तरुण निवेदक ठरवला. गेनभाऊंना तसे कळवणारे पत्र मी लिहिले. माझे अक्षर चांगले आहे. त्या पत्रात ते नेहमीपेक्षाही चांगले आले होते, हे मला अजून आठवते.

काही महिन्यांनी राष्ट्रीय संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला. वर्तमानपत्रात बोटभर बातमी होती. ती कापून घेऊन मी गेनभाऊंकडे निघालो. वाटेत क्षमेची दोन वाक्येही मनाशी तयार केली. घरात कोणी नव्हते. मागच्या गोठ्याकडून आवाज आला म्हणून तिकडे गेलो, तर गेनभाऊ चांदणीला सामना सांगत होते. चांदणी ही त्यांची म्हातारी घोडी. एके काळी तिने पुष्कळ बाऱ्या मारल्या. आता तिला जेमतेम कडबा चाववतो. गेनभाऊ पूर्ण आवाजात, प्रत्येक गोलाची वर्दी देत बोलत होते आणि प्रत्येक गोलानंतर थांबून तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने कान हलवला की पुढे जात होते.

ज्या आवाजासाठी दोन तालुके घाटावर उभे राहत, त्याला आता एवढाच श्रोता उरला होता. आणि ती व्यवस्था मी सुवाच्य अक्षरात करून दिली होती.

त्यांनी मला पाहिले. रागाचा मागमूस नव्हता. चहा ठेवला. "जिंकलो, गुरुजी," ते म्हणाले. मग कपात पाहत म्हणाले, "एक डाव घाटावर सांगायचं व्हतं. पन ऱ्हाऊ द्या."

क्षमेची दोन्ही वाक्ये मी जशी नेली होती तशीच परत आणली.

या वर्षीच्या बैठकीत मी विषय मांडला. सदस्यांनी माझी मनसोक्त थट्टा केली. "गुरुजी, तुमी कुठं खेळताय? राखणारे का पळणारे?" असे एकाने विचारले. शेवटी अध्यक्षांनी दोन मिनिटे मंजूर केली. घड्याळ लावून, दोनच. निरोप घेऊन मी गेनभाऊंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "काढायचं पत्र लिवलं व्हतं. तसं बोलवायचं बी लिवा." मी तेथेच ओट्यावर बसून लिहिले. या वेळी अक्षर तेवढे चांगले आले नाही. त्यांनी ते वाचून, घडी घालून वहीत ठेवले.

यात्रेच्या दिवशी ते इस्त्रीचे धोतर नेसून, फेटा बांधून आले. मी माइक हातात दिला आणि घड्याळ चालू केले. जिंकलेल्या सामन्याची वर्दी येणार म्हणून लोक सावरून बसले होते. गेनभाऊंनी वहीचे मागले पान उघडले.

"गेल्या वर्साची तीन नावं ऱ्हायलीत," ते म्हणाले. "ती आधी."

तिन्ही नावे त्यांनी सावकाश, प्रत्येकाच्या राज्यासह घेतली. मग पहिल्या पराभवापासून सुरुवात केली. या वेळी कोणी हसत नव्हते. दोन मिनिटे झाली तेव्हा ते शेवटून दुसऱ्या पराभवापर्यंतच पोहोचले होते. अध्यक्षांनी मला दोन बोटे दाखवली, मग मनगटावर टिचकी मारली. घाटाच्या तळाशी पुढचा गाडा जुंपून तयार होता. मी घाटावर घड्याळ धरू लागल्यापासून कोणालाही सेकंदाची सूट दिलेली नाही, याचा मला अभिमान वाटत आला आहे. मी घड्याळ बंद करून खिशात टाकले.

अखेर गेनभाऊ त्या पानावर आले. आता "भिर्रर्र" येणार म्हणून पुढे बसलेल्यांनी कानांवर हात ठेवले. पण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आन मंग," ते म्हणाले, "जिंकलो."

मग खालून, गाड्यापाशी उभ्या असलेल्या कोणी तरी "भिर्रर्र" केले, आणि सगळा घाट त्यात मिसळला.

गेनभाऊंनी वही मिटून बगलेत धरली, स्टेजच्या कडेला आले आणि माइक माझ्या हातात दिला.

"करा बटण बंद, गुरुजी," ते म्हणाले. "झाली नावं."

मी मान खाली घातली. बटण सापडायला मला जरा वेळ लागला.