हात वर केलेला फोटो

रेवती मगदूमनं रविवारी डिलीट केलेला फोटो सोमवारी सकाळी साडेआठला घरी राहायला आला. मामेबहिणीच्या हळदीत नाचताना काढलेला, त्यामुळे त्याचे दोन्ही हात वर होते आणि तो हसत होता. अंगात हळदीत घातलेलाच बिनबाह्यांचा पिवळा ब्लाउज.

"मला डिलीट केलंय," फोटो म्हणाला. "कुठं बसू?"

आईनं पाट मांडला. त्याचे हात खाली येईनात, म्हणून तिनं पोहे भरवले. "अगदी तुझ्यासारखा आहे गं," ती रेवतीला म्हणाली. "फक्त हा पोटभर खातो."

रेवती सतरा वर्षांची. इचलकरंजीच्या मे महिन्यातही ती मनगटापर्यंत बाह्या घाली, कारण तिचे दंड. तेच दंड स्वयंपाकघरात उघडे बसलेले बघून तिला रडू आलं. अकराला ती फोटोला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेली. रिक्षात त्याचे हात टपाला लागत होते.

साळोखे कारकुनांनी फॉर्म पुढं ओढला. "डिलीट करण्याचं कारण?"

"दंड जाड दिसतात."

साळोख्यांनी यादी सावकाश वाचली. "फोटो हललेला, डोळे मिटलेले, मध्येच कुणी आडवं आलेलं, यातलं काही असलं तर आम्ही ठेवून घेतो. दंड यादीत नाहीत, बाळ. एक तर घरी सांभाळ, नाहीतर परत टाक."

"लोक काय म्हणतील?"

"ते खातं आमच्याकडं नाही."

दुपारी आई कामावर, त्यामुळं भात भरवायचं रेवतीवर आलं. "तुला लाज नाही वाटत?" तिनं घास फुंकत विचारलं.

"कशाची?"

"दंडांची."

फोटो थोडा विचारात पडला, पण हसतच. "मला काढलं तेव्हा तू नाचत होतीस. मला तेवढंच ठाऊक आहे."

रेवतीनं त्याचं तोंड पुसलं. डाव्या दंडावर लशीचा वण होता. तो तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

तीन दिवस तिनं त्याला भरवलं, त्याची वेणी घातली. गुरुवारी विचारलं, "परत टाकू तुला?"

"टाक की. गाणं अर्धं राहिलंय."

आईनं त्याला कुंकू लावलं, चिवड्याची पिशवी गळ्यात अडकवली आणि पदर डोळ्यांना लावला. रेवतीनं फोनवरचं बटण दाबलं. पाट रिकामा झाला.

शुक्रवारी कुणीतरी फोटोखाली कमेंटमध्ये म्हशीचं चित्र टाकलं. रेवतीला फार लागलं. फोन पालथा टाकून ती भिंतीकडं तोंड करून पडली. बऱ्याच वेळानं फोन वाजला. मिरजेच्या एका अनोळखी मुलीचा मेसेज होता.

"माझेपण दंड असेच आहेत. मी काल माझा फोटो डिलीट केला. आत्ता दारात येऊन उभा आहे. मी काय करू?"

रेवती उठून बसली. बाहेर भर दुपार होती.

"ऊन लागेल त्याला," तिनं लिहिलं. "आधी आत घे."