एक्केचाळिसाव्या संगणकाची झोप

गाद्यांच्या कारखान्यात दुपारी तीन वाजता जागे राहणे हेच मुळात अवघड काम. शिलाई यंत्रांची एकसुरी घरघर, उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारा कापूस, आणि जिकडे पाहावे तिकडे मऊ मऊ ढीग. त्यात वायरभाऊच्या डोळ्याला दोन रात्री डोळा लागला नव्हता. कारखान्यातले सगळे संगणक हा सांभाळायचा. त्याला वायरभाऊ सोडून दुसरे काही म्हटलेले कोणाला आठवत नव्हते.

झाले होते असे, की भावाभावांच्या वाटणीत कंपनीचे जुने नाव धाकट्याकडे गेले, आणि थोरल्याच्या बायकोने, म्हणजे मालकीणबाईंनी, कारखाना नव्या नावाने चालवायला घेतला. दारावरची पाटी तासाभरात बदलली. नेटवर्कच्या पोटात मात्र जुनेच नाव ठाण मांडून बसलेले. ते आज पाचच्या आत बदलायला हवे होते. पाचला मेलचा नवा सर्व्हर बसवायला बाहेरची दोन माणसे येणार होती, आणि तो एकदा बसला की नावाला हात लावायची सोय नव्हती.

"जमत नसेल तर आत्ताच सांग," मालकीणबाई म्हणाल्या होत्या. "ही माणसं सगळंच सांभाळायला तयार आहेत. तुला कापसाच्या गोदामात लावते."

"जमेल, मॅडम," वायरभाऊ घाईघाईने म्हणाला. सर्व्हर ठेवलेल्या यंत्रखोलीतल्या हिरव्या दिव्यांवर त्याचा जीव होता.

सर्व्हरवरचे काम सकाळीच उरकले. आता प्रत्येक संगणक दोनदा बंद करून दोनदा चालू करायचा होता. पहिल्या वेळी त्याला नवे नाव कळते, दुसऱ्या वेळी पटते.

"एकदा केलं की दोनदा, काही आठवत नाही बघ," उशीविभागाच्या मावशी म्हणाल्या. "तिसऱ्यांदा केलं तर बिघडेल का?"

"नाही, मावशी."

"मग चार वेळा करून टाकते. उगाच मनाला हुरहूर नको."

अशा मिनतवाऱ्या करत चाळीस संगणक मार्गी लागले. एक्केचाळिसावा होता झोपेच्या खोलीत, आणि तिथेच घोडे अडले.

नवी गादी बाजारात जाण्याआधी त्या खोलीत आडवेसाहेब तिच्यावर झोपत. तीस वर्षे त्यांची हीच नोकरी. उभे असे ते फक्त घरी जाताना दिसत. गादीवरच्या माणसाने किती वेळा कूस बदलली ते उशाचा संगणक टिपून घेई. मध्येच तो बंद केला तर सगळी नोंद पाण्यात. दारावर पाटी होती: 'झोपलेल्यास उठवू नये. काम चालू आहे.' हा नियम मालकीणबाईंनाही लागू होता.

वायरभाऊ चपला काढून आत गेला. आडवेसाहेब डोळे मिटून शांत पडलेले. तो हळूच खाकरला.

"खोकू नकोस रे!" दारातून मावशी कुजबुजल्या. "त्याचीसुद्धा नोंद होते."

"कधी उठतील?"

"झोप काय सांगून उठते? बस गप."

खोलीत खुर्ची नव्हती. शेजारी तशीच दुसरी नवी गादी होती, तीही त्याच संगणकाला जोडलेली. वायरभाऊ तिच्या काठावर टेकला. फक्त टेकला. मग पाठ टेकली. पडदा हलला, ऊन पाण्यासारखे छतावर डुलले. चाळीस संगणक हातपाय धुतलेल्या लेकरांसारखे ओळीने आले आणि आपापले नवे नाव सांगून निजायला गेले. एक्केचाळिसावा दारातच अडून राहिला. "माझं नाव काय?" त्याने विचारले. वायरभाऊ त्याला समजावू लागला, बाळा, आधी बंद हो, मग चालू हो, पुन्हा बंद हो...

त्याने डोळे उघडले तेव्हा ऊन तांबडे झाले होते. भिंतीवर साडेपाच! भिंतीशी मालकीणबाई आणि ती दोन बाहेरची माणसे अनवाणी, मुकाट उभी होती. वायरभाऊ ताडकन उठला.

"मॅडम! तो एक राहिला!"

"काही राहिलं नाही," उशाकडून आडवेसाहेब म्हणाले. ते चक्क बसलेले होते. "दोनदा बंद केला, दोनदा चालू केला. तू झोपेत बडबडत होतास तस्सं. सर्व्हरपण बसला पाचला."

"पण तुमची झोप?"

"कसली झोप? चार महिने झाले, डोळाच लागत नाही रे. सांगायचं कोणाला? नोकरी जाईल म्हणून डोळे मिटून पडत होतो. आत्ताच सांगितलं मॅडमना."

मालकीणबाई संगणकाच्या पडद्यावर वाकल्या. "चालू झाल्यापासून तुझ्या गादीची नोंद घेतोय हा," त्या हरखून म्हणाल्या. "सव्वा तास. एकदाही कूस नाही! गोदामाची भीती डोक्यावर असताना!" आणि त्यांनी तिथेच काहीतरी टाइप केले.

वायरभाऊच्या खिशातला फोन वाजला. नव्या सर्व्हरवरून, नव्या नावाने निघालेली पहिली मेल त्यालाच होती. उद्यापासून त्याची बदली झोपेच्या खोलीत, आणि यंत्रखोलीत आडवेसाहेब.

"मी शिकेन हो," आडवेसाहेब ओशाळून म्हणाले. "जागाच असतो. तुला वाईट वाटलं का रे?"

"वाटलं," वायरभाऊ म्हणाला. मग त्याने गादीवरून हळूच हात फिरवला. "पण साहेब, खोटं कशाला बोलू, झोप फार छान लागली होती."