बारा बायकांचं उदाहरण

सातवीतल्या दिशाने गृहपाठाची तीन उदाहरणं निमूट सोडवली. चौथं मोठ्याने वाचलं, तिथे घोटाळा झाला. 'आठ महिला एका शेतातील कांदा सहा दिवसांत काढतात, तर बारा महिला तो किती दिवसांत काढतील?'

तिचा बाप कानिफनाथ जेवत होता. त्याने हातातली भाकरी ताटात ठेवली. "किती एकर?"

"एकर दिलंच न्हाई, पप्पा. उत्तर चार दिवस."

"चार? आठाच्या बारा बाया झाल्या की बोलनंबी वाढतं. ते धरलं का?"

"पुस्तकात तसं नसतं."

"मग पुस्तकवाल्यानं कांदा काढलेला न्हाई."

"अहो, गृहपाठ तिचा हाय, तुमचा न्हाई," स्नेहल म्हणाली. पण तोवर त्याने मजूर बायकांच्या मुकादम राहीबाईंना फोन लावला होता.

"मावशी, बारा बाया लावल्या तर कांदा चार दिसात निघंल का?"

"निघंल की," म्हणून राहीबाईंनी फोन ठेवला.

कांद्याच्या हंगामात कोल्हारकडे मुकादमाला गणित विचारायला कुणी फोन करत नाही. सकाळी दारात टेम्पो उभा राहिला आणि विळे, डबे घेऊन बारा बायका उतरल्या.

कानिफनाथच्या रानात कांद्याची पात अजून ताठ उभी. माना पडून कांदा तयार व्हायला निदान पंधरवडा होता.

"ह्यांना रिकामं परत लावलं ना," स्नेहल कुजबुजली, "तर आपल्या कांद्याच्या टायमाला मावशी फोनसुदीक उचलायच्या न्हाईत. सडंल रानात."

कानिफनाथने खरं ते सांगून टाकलं. "मावशी, ते पोरीचं गणित हुतं."

"गणिताला बारा बाया लागत्यात?" राहीबाईंनी पदर खोचला. "तुमच्यापायी शेजारच्या मच्छिंद्रला कबूल केलेल्या आठ बाया मोडून इकडं आनल्या मी. आता रोज बुडाला तर ह्यांना काय सांगू, भागाकार चुकला म्हनून?"

एवढ्यात मच्छिंद्रच मोटारसायकलवर आला, तापलेला. "व्हय मावशी? माझा कांदा वाळून चाललाय, अन् ह्याच्या हिरव्या पातीला बारा बाया?"

सगळ्यांनी कानिफनाथकडे बघितलं.

"तुझ्यासाठीच बोलावल्यात," तो म्हणाला. "तुला आठच मिळत हुत्या. म्हनलं, आपल्या शब्दावर बारा देऊ."

मच्छिंद्रने मोटारसायकलवरून उतरून त्याचे हातच धरले. "दादा, सख्खा भाऊ करायचा न्हाई एवढं!" राहीबाईंनी टेम्पो मच्छिंद्रच्या रानाकडे वळवायला सांगितला.

सुटल्यावर माणूस शहाणपणा शिकवतो. कानिफनाथने दिशाला वही काढायला लावली. "चार खोड. काय घडलं ते लिही."

"पप्पा, सर चूक देतील!"

"खऱ्याला कोन चूक देतं?"

दिशाने रडकं तोंड करून लिहिलं, 'राहीबाई म्हणतात चार दिवस, पण कांदा अजून कच्चा आहे.'

संध्याकाळी वही परत आली. गणिताच्या अब्राहाम सरांनी उत्तरावर लाल फुली मारली होती आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं :

'चूक. पालकांस विनंती, आमचा कांदा तयार आहे. राहीबाईंचा नंबर पाठवावा.'